फायटर मासा नव्या टाकीत सोडताना

मुंबईहून रात्रीच्या गाडीने आणलेला फायटर मासा सकाळी रत्नागिरीत किंवा कणकवलीत उतरतो, तेव्हा त्याने दहा-बारा तास जेमतेम पेलाभर पाण्यात काढलेले असतात. घरी मुले टाकीभोवती जमलेली असतात. पिशवीचा रबर सोडला जातो आणि मासा पाण्यासकट टाकीत ओतला जातो. त्या क्षणी तो बहुधा छान पोहतो, त्यामुळे काम झाले असे सर्वांना वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पंख मिटून तळाशी पडून राहू लागला की दुकानदाराने आजारी मासा दिला, असा निष्कर्ष काढला जातो. कधी कधी तसे असतेही. परंतु माझ्या पाहण्यातले बरेचसे मासे दोन पाण्यांमधल्या फरकाने गेले, आणि माझा स्वतःचा पहिला मासाही त्यांतलाच होता. मासा ‘रुळतो’ म्हणजे नेमके काय होते, हे समजले की काय करावे हे फारसे सांगावे लागत नाही. म्हणून आधी कारणे पाहू.

दुकानात ज्याला फायटर म्हणतात आणि हौशी मंडळी ज्याला बेटा म्हणतात, तो मासा मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला. तिथे त्याला ‘प्ला कात’ म्हणजे चावरा मासा म्हणतात, आणि २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. भातखाचरे, दलदली, गवताने भरलेले संथ ओहोळ ही त्याची राहण्याची ठिकाणे. अशा उथळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस घड्या पडलेला एक खास अवयव असतो आणि त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपल्याकडच्या मरळ माशालाही हवा घेण्याची अशीच सोय असते. पाण्याबाहेर काढलेली मरळ बाजारात बराच वेळ जिवंत का राहते, याचे उत्तर त्यातच आहे. फायटर आणि मरळ हे प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातले, म्हणजे लांबचे का होईना पण भाऊबंद.

या देणगीमुळेच फायटरविषयी मोठा गैरसमज पसरला आहे. तो पेल्यात जगतो, त्याला पंप लागत नाही, पाणी कसलेही चालते, असे सर्रास सांगितले जाते. हवेतून श्वास घेता येत असल्यामुळे प्राणवायूच्या टंचाईतून तो वाचतो, एवढेच खरे आहे. पाण्यात साठलेल्या विषापासून, तापमानाच्या झटक्यापासून किंवा क्षारांच्या अचानक बदलापासून त्याचे रक्षण करणारा कोणताही अवयव त्याच्यापाशी नाही. पेल्यातला फायटर मरत नाही, कारण त्याला मरायला वेळ लागतो, असे मी जरा कडवटपणे म्हणत असतो.

आता दोन पाण्यांमधला फरक पाहू. तापमानाचा फरक सर्वांना कळतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते, आणि पाणी एकदम चार-पाच अंशांनी थंड झाले तर त्याचे पचन, श्वसन आणि रोगप्रतिकारशक्ती सारेच मंदावते. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. कोकणात वर्षाचा बहुतेक काळ हे आपोआप मिळते, त्यामुळे या बाबतीत आपण पुण्या-नाशिकच्या लोकांपेक्षा सुखी आहोत.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांमधून त्याच्या शरीरात शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मूत्रपिंडे हे जादा पाणी रात्रंदिवस बाहेर टाकतात आणि कल्ले क्षार परत आत ओढून घेतात. हा ताळमेळ ज्या पाण्यात मासा राहतो त्या पाण्यापुरता बसलेला असतो. क्षारयुक्त पाण्यातला मासा क्षणात अगदी हलक्या पाण्यात टाकला, तर आत शिरणारे पाणी एकाएकी वाढते आणि मूत्रपिंडांना नवा हिशेब जुळवायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. मासा लगेच मरत नाही, पण त्या ओढाताणीत दुर्बळ होतो आणि पाण्यात एरवीही असलेले जिवाणू किंवा बुरशी त्याला गाठतात. चौथ्या दिवशी दिसणाऱ्या आजाराचे मूळ कित्येकदा पहिल्या मिनिटात असते, ते असे.

हा मुद्दा कोकणात विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपले विहिरीचे पाणी जांभ्यातून झिरपून येते. जांभ्यातून विरघळण्याजोगे चुन्याचे क्षार मुसळधार पावसाने केव्हाच धुऊन नेलेले असतात, म्हणून हे पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्ल असते; साबणाला लगेच फेस येतो तो त्यामुळे. शहरातल्या दुकानात बोअरचे जड पाणी वापरले असेल, तर तिथला मासा आपल्या टाकीत येतो तेव्हा तो अगदी वेगळ्या पाण्यात येतो. उलट खाडीलगतच्या विहिरींत एप्रिल-मे महिन्यांत खारेपणा उतरतो आणि त्याच गावातल्या वरच्या वाडीतले पाणी मात्र गोडे राहते. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही. विरघळलेले क्षार मोजणारे पेनासारखे साधे यंत्र ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळते. एकदा पिशवीतले आणि एकदा टाकीतले पाणी मोजले की घाई करावी की सावकाशी, हे कळते. आकडे जवळजवळ सारखे असतील तर काळजीचे कारण नाही. दुपटी-तिपटीचा फरक असेल तर मात्र सबुरी हवी.

तिसरा फरक सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक रूप विषारी, दुसरे बरेचसे निरुपद्रवी. कोणते रूप किती, हे पाण्याच्या आम्लतेवर म्हणजे पीएचवर ठरते; पीएचचा आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या हजार भागांतले सुमारे सहा भाग विषारी रूपात असतात. पीएच ८ झाला की हेच प्रमाण शंभराला पाचाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नऊ-दहा पटींनी वाढते. आता बंद पिशवीत काय घडते ते पाहा. मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाणी आम्ल होते. अमोनियाही साठत असतो, पण त्या आम्ल पाण्यात तो निरुपद्रवी रूपात पडून राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ लागतो, पीएच वर चढतो, आणि रात्रभर साठलेला अमोनिया थोड्याच वेळात विषारी रूप धारण करतो. मासा ज्या पाण्यात रात्रभर निभावला, तेच पाणी पिशवी उघडल्यावर त्याला जाळू लागते.

म्हणून ‘मासा जितका हळू सोडाल तितके चांगले’ हा सरसकट सल्ला मला मान्य नाही. मासा किती वेळ पिशवीत होता, हे आधी विचारले पाहिजे. चिपळूणच्या दुकानातून चिपळूणच्याच घरी तासाभरात आणलेल्या माशाच्या पाण्यात अमोनिया फारसा साठलेला नसतो. तिथे थेंबथेंब पाणी मिसळण्याची सावकाश पद्धत उत्तम. रात्रभराचा प्रवास करून आलेल्या माशासाठी मात्र बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, त्याला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, आणि पिशवी उघडल्यानंतर रेंगाळू नये. तीन-चार वेळा थोडे थोडे टाकीचे पाणी घालून दहा मिनिटांच्या आत मासा टाकीत सोडावा. क्षारांचा फरक मोठा असल्याचे आधीच ठाऊक असेल, तर दुकानदाराला तिथल्या पाण्याची एक वेगळी बाटली भरून मागावी आणि घरच्या टाकीचे पाणी पहिल्या दिवसापुरते त्या बाजूला झुकवून ठेवावे. दोन्ही अडचणी एकदम सोडवण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

थेंबांच्या पद्धतीसाठी औषधांच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा, न वापरलेला सेट फार सोयीचा असतो, कारण त्याच्या चाकाने वेग नेमका ठरवता येतो. पिशवीतले पाणी आणि मासा एका स्वच्छ, उभट भांड्यात घ्यावा. भांडे टाकीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे आणि नळीने टाकीचे पाणी सेकंदाला दोन थेंब या वेगाने सोडावे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे १८० मिलिलिटर पाणी येते आणि पिशवीतल्या पाण्याइतकेच नवे पाणी भांड्यात जमते. मग भांड्यातले निम्मे पाणी काढून टाकावे आणि तेवढेच पुन्हा येऊ द्यावे. भांड्यावर ताट किंवा जाळी झाकायला विसरू नये. फायटर उडी मारण्यात पटाईत असतो. शेवटी मासा पेल्याने किंवा मऊ जाळीने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीचे पाणी झाडांना घालावे, टाकीत ओतू नये. त्यात अमोनिया असतो आणि दुकानातले रोगजंतूही असू शकतात.

आतापर्यंत जे सांगितले ते एका सकाळीचे काम झाले. खरी तयारी त्याआधी महिनाभर सुरू व्हायला हवी, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. मासा टाकीत रोज अमोनिया सोडणार; तो कोणी तरी संपवला पाहिजे. हे काम जिवाणू करतात. एक जात अमोनियापासून नायट्राइट बनवते. नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, जे थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या कोऱ्या टाकीत ते नसतात. पाणी कितीही नितळ दिसो, ती टाकी माशाच्या दृष्टीने अपुरीच असते.

दुधाला विरजण लावल्यासारखेच हे आहे, फक्त दही एका रात्रीत लागते आणि या जिवाणूंना चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना सुरुवातीपासून खाद्य हवे, म्हणून मासा नसलेल्या टाकीतही रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू द्यावे लागते. विरजण चांगले मिळाले तर काम लवकर होते: ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे किट मिळते. दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडे, असे दिसले की टाकी लागली असे समजावे. मासा आधीच घरी आला असेल आणि टाकी नवीन असेल, तर पर्याय एकच: दर दुसऱ्या दिवशी पाव भाग पाणी बदलणे आणि खाद्य अगदी कमी देणे. टाकी किमान वीस लिटरची, झाकण असलेली आणि मंद प्रवाहाची असावी. गोल काचेचे भांडे शोभेला बरे, माशाला नाही.

पाणी तयार करताना कोकणातल्या घरांत काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकून गेला असेल किंवा नळाचे पाणी असेल, तर त्यात क्लोरीन असतो. तो माशाचे कल्ले भाजतो आणि वर सांगितलेल्या जिवाणूंनाही मारतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास तो बराचसा उडून जातो, नाहीतर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत. क्लोरीन नसलेले विहिरीचे पाणीही ताजे उपसून लगेच वापरू नये. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो निघून जाईपर्यंत पीएच हलत राहतो. एक दिवस ठेवलेल्या पाण्याचा पीएच मोजला तरच त्या आकड्याला अर्थ आहे. बादली प्लास्टिकची असावी. जुन्या घरातल्या तांब्याच्या हंड्यात किंवा बंबात राहिलेले पाणी टाकीत मुळीच घालू नये, कारण मऊ, आम्ल पाण्यात तांबे सहज उतरते आणि माणसाला न बाधणारी त्याची मात्रा माशाला बाधते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा दुसरा मोह म्हणजे समुद्रावरची वाळू आणि शिंपले. शिंपल्यांत चुना असतो, तो पाण्यात हळूहळू उतरतो आणि पीएच चढवतो. वाळूत शिंपल्यांचा चुराच असतो आणि वर मीठही. एखादा दगड किंवा वाळू चालेल का, हे पाहायचे असेल तर त्यावर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर चुना आहे. (कोकमाचे आगळ यासाठी वाया घालवण्याचे कारण नाही.) याला एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. अतिशय मऊ पाण्याच्या टाकीत जिवाणूंच्या कामामुळे काही महिन्यांनी पाणी फारच आम्ल होते आणि तेच जिवाणू मंदावतात. अशा टाकीत धुतलेल्या शिंपल्याचा अंगठ्याएवढा एकच तुकडा फिल्टरजवळ ठेवला तर उपयोग होतो. पीएच मोजल्याशिवाय मात्र हा प्रयोग करू नये.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळते, तिचे शहरात पैसे पडतात. शाळेच्या पटांगणात किंवा बंदरावर जे रुंद पानांचे बदामाचे झाड असते, सुक्या मेव्याचा बदाम नव्हे तर मुले दगडाने फळे फोडून खातात तो बदाम, त्याची आपोआप गळलेली, तांबडी होऊन वाळलेली पाने फायटरच्या टाकीत घालण्याची पद्धत आग्नेय आशियातल्या मत्स्यपालकांमध्ये जुनी आहे. पानातून टॅनिन उतरते, पाणी चहासारखे होते, किंचित आम्ल बनते, आणि अंधुक उजेडात मासा लवकर शांत होतो. हिरवे पान तोडू नये, रस्त्याकडेचे धुळकट किंवा फवारणी झालेले घेऊ नये. धुऊन एक मध्यम पान दहा-पंधरा लिटरला पुरते. ते कुजून जाळी झाली की बदलावे.

मासा टाकीत गेल्यावर पहिला दिवस दिवा बंद ठेवावा आणि खायला काही देऊ नये. तो कोपऱ्यात, पानाआड किंवा फिल्टरमागे दडून राहील, रंग फिका दिसेल, अंगावर आडवे पट्टे उमटतील. हे भेदरल्याचे लक्षण आहे आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसून तो सारखा कल्ले फुगवत असेल, तर टाकीच्या मागे कागद लावावा. दुसऱ्या दिवशी दोन-तीन दाणे द्यावेत. त्याचे पोट त्याच्या डोळ्याएवढे, हा अंदाज पुरेसा आहे. पहिले दोन दिवस दाणे थुंकले तरी उरलेले उचलून टाकावे आणि वाट पाहावी. भाताची शिते, पोळीचा चुरा किंवा सुका जवळा देऊ नये. शिते पाण्यात आंबतात आणि जवळ्याबरोबर समुद्राचे मीठ येते. पृष्ठभागावर फेसाचे घरटे दिसले की लोक मासा रुळल्याचे समजतात. नर प्रजननासाठी ते बांधतो आणि काही नर पेल्यातही बांधतात, म्हणून त्यावर फार विसंबू नये. माणूस जवळ आल्यावर काचेपाशी येणे आणि दिलेले खाणे, ही दोन लक्षणे मला अधिक खात्रीची वाटतात. याउलट आठवड्यानंतरही पंख मिटलेले असतील, खवले उभे राहिलेले दिसत असतील किंवा मासा एका कुशीवर पडत असेल, तर आधी अमोनिया मोजावा, औषध नंतर.

फायटर पृष्ठभागावरची हवा घेतो, म्हणून त्या हवेचीही काळजी हवी. झाकणाखाली दोन बोटे मोकळी जागा सोडावी, म्हणजे तिथली हवा उबदार आणि ओलसर राहते. टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, फवारा किंवा ताजा रंग नको. गणपतीत ज्या खोलीत धूप-उदबत्त्या अखंड चालू असतात, तिथून टाकी आधीच हलवावी. पण तोवर मासा आणून जेमतेम आठवडा होणार असेल तर टाकी हलवण्याऐवजी गणपतीनंतरच मासा आणणे शहाणपणाचे.

डिसेंबर-जानेवारीत घाटाच्या पायथ्याच्या गावांत पहाटेचे पाणी वीस अंशांच्या खाली जाते. तिथे लहान हीटर लावावा लागतो, बंदरपट्टीत क्वचित. पावसाळ्यात वीज आठ-दहा तास गेली तर फायटर तग धरतो, पण बंद फिल्टरमधल्या स्पंजवरचे जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज आल्यावर फिल्टर तसाच चालू न करता स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळून मग बसवावा. आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर विहिरीत वरचे पाणी उतरते, ते गढूळ होते, त्यातले क्षार आणि पीएच आठवडाभर बदलत राहतात, शिवाय टीसीएलचा मारा वाढतो. मे महिन्यात नवा मासा आणला असेल, तर महिनाअखेरीस एक पिंप विहिरीच्या जुन्या पाण्याने भरून, डास होणार नाहीत असे घट्ट कापड बांधून ठेवावे आणि पुढचे तीन आठवडे टाकीला तेच पाणी घालावे.